दुपारी तीनची नदी

बाटलीकाकांच्या पेटीत बाटल्या किणकिणत, आणि बसमध्ये शेजारी बसलेला माणूस एकदा तरी वळून बघेच. आधी पेटीकडे, मग काकांच्या डोळ्यांकडे, मग पुन्हा पेटीकडे. एकाने तर फार आपुलकीने विचारलं होतं, "किती आहेत?"

"बारा," काका म्हणाले. "आत्ता रिकाम्या आहेत. येताना भरून आणणार."

तो माणूस उठून दुसरीकडे बसेल असं काकांना वाटलं होतं. तो आणखी जवळ सरकला. हा किस्सा काका स्वतःच रंगवून सांगत, आणि सांगून झाल्यावर न विसरता खुलासा करत, की बाटल्या नदीच्या पाण्याच्या आहेत.

नदी लांबलचक होती. डोंगरातून निघून समुद्राला मिळेपर्यंत आठशे किलोमीटर, उपनद्या वेगळ्या. या सगळ्या खोऱ्यात पाणी कुठे कसं आहे ते सरकारला कळावं म्हणून एक्केचाळीस जागा नेमलेल्या होत्या. दर महिन्याला प्रत्येक जागेवरून पाण्याचा नमुना भरून प्रयोगशाळेत पोचवायचा. सम आकड्यांच्या जागा नदीच्या अलीकडच्या काठावर, विषम पलीकडच्या. अलीकडच्या सहा जागा, दहापासून वीसपर्यंत, काकांकडे होत्या. हुद्दा नमुना-संकलक. घरी दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, त्यातलं 'संकलक' गाळून हाक मारायचे.

पलीकडच्या काठाचा संकलक काकांच्याच वयाचा होता. त्याला ऑफिसात सगळे नळराजे म्हणत. नळराजे नदीपर्यंत जायची तसदी घेत नसत. घरच्या नळाखाली सगळ्या बाटल्या भरून, लेबलं चिकटवून, दुपारची झोप काढून संध्याकाळी प्रयोगशाळेत हजर. काकांनी एकदा त्यांना भर चहाच्या टपरीवर हटकलं होतं.

"अरे, नळाला तरी पाणी कुठून येतं?" नळराजे शांतपणे म्हणाले. "नदीतूनच ना? मग मी फक्त अंतर वाचवतो."

काकांचं तसं नव्हतं. तेवीस वर्षांत त्यांनी एक बाटली खोटी भरली नव्हती. पावसापाण्यात गेले, ताप अंगावर काढून गेले, पायाला प्लास्टर असताना काठी टेकत गेले. कामही ते देवघरात बसावं तसं करत. बाटली पाण्यात तिरकी धरायची, आतली हवा सावकाश बाहेर घालवायची, एक बुडबुडा आत राहता कामा नये. मग काठावरच तिच्यात दोन औषधं सोडायची, एक फिकट गुलाबी आणि दुसरं बोटांना बुळबुळीत लागणारं. काचेचं बूच लावून बाटली उलटसुलट केली की पाण्यात जेवढा प्राणवायू असेल तेवढा ती औषधं पकडून ठेवतात. प्राणवायू असला तर बाटलीच्या तळाशी तपकिरी साका धरतो; जितका गडद, तितकी नदी धडधाकट. साका पांढरा राहिला तर त्या पाण्यात श्वास घेण्यासारखं काही नाही. शहराच्या नाल्याखाली, दहा नंबरला, काकांनी पांढरा साका पुष्कळदा पाहिला होता. चौदा नंबरला कधीच नाही. चौदा नंबरची बाटली कायम कोऱ्या चहासारखी गडद. प्रयोगशाळेचा आकडा यायचा आठ, साडेआठ, कधी नऊसुद्धा. माशांना चार पुरतो.

दर पाच वर्षांनी खोऱ्याचा अहवाल निघे आणि त्यात नकाशा असे. घाण पाण्याचे पट्टे लाल, मधले पिवळे, चांगले निळे. शहराखाली सगळी नदी लाल-पिवळी, आणि मध्येच चौदा नंबरचा वीस किलोमीटरचा पट्टा निळाशार. काकांनी तो नकाशा फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला होता.

"लोकांच्या भिंतीवर नातवंडं असतात," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "आमच्या भिंतीवर सांडपाणी."

"निळं बघ ना," काका म्हणायचे.

*

चौदा नंबरला जाणारी बस दिवसातून एकच. सकाळी साडेअकराला शहरातून सुटायची, रडतखडत तीनला पोचायची आणि सव्वापाचला तीच परत फिरायची. तिथे नदीकाठी चाळीस घरांची कोळ्यांची वस्ती होती आणि त्यातलं शेवटचं घर ताईचं. बसचा हॉर्न पुलावर वाजला की ताई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. काका उतरून थेट घाटाच्या पायऱ्यांवर जायचे, तीन वाजून दहा मिनिटांनी बाटली भरायचे, औषधं सोडायचे, बाटली उजेडाकडे धरून बघायचे आणि मग ताईकडे चहाला. चहाबरोबर दाजी.

"आले तीनचे डॉक्टर," दाजी जाळं विणता विणता म्हणायचे. "पेशंट उठून बसला की यांची फेरी."

"दाजी, साडेआठ आहे प्राणवायू. गेल्या महिन्यात आठ-चार होता."

"बरं आहे. माशांना कळवतो."

मासे मरतात, ही दाजींची जुनी तक्रार. उन्हाळ्यात पहाटे जाळं टाकायला गेलं की काठाला पांढरी पोटं वर करून पडलेले असतात, म्हणायचे. काका घाटावर नजर फिरवायचे. पाणी हिरवंगार, वर ऊन चमकतंय, एखादा मासा उडी मारतोय.

"कुठायत?"

"कावळ्यांनी नेले, कुत्र्यांनी नेले, उरलेले तुझ्या बहिणीने झाडून पुरले. तुझ्यासाठी तीन वाजेपर्यंत मांडून ठेवायचे होते का?"

"एकदा मुक्काम कर ना रे," ताई म्हणायची. "सकाळी उठून बघ."

"दुसऱ्या दिवशी सोळा नंबर असतो, ताई."

आणि सव्वापाचची बस. असं तेवीस वर्षं. ताईच्या चहावर आणि दाजींच्या टोमण्यांवर पोसलेली ती नोकरी होती, आणि तिच्यात काकांना एका गोष्टीचा मनातून अभिमान होता: आपल्या बहिणीच्या दारातली नदी नकाशात निळी आहे.

तीन वर्षांपूर्वी वस्तीने सह्यांचा अर्ज केला होता. मासे मरतात, चौकशी व्हावी. अर्ज फिरत फिरत साहेबांच्या टेबलावर आला आणि साहेबांनी तो काकांकडे सरकवला. "जागेवर जाणारा माणूस तू. अभिप्राय लिही." काकांनी आपल्या वळणदार अक्षरात दोन ओळी लिहिल्या: 'सदर ठिकाणी प्राणवायूचे प्रमाण समाधानकारक आहे. तक्रारीत तथ्य आढळत नाही.' खाली सही. खोटं काहीच लिहिलं नव्हतं. घरी मात्र त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. ताईला तर नाहीच.

*

यंदा फेब्रुवारीत वस्तीच्या चावडीवर एक नोटीस लागली. वरच्या अंगाला नवं शहर वसणार होतं आणि त्याच्या सांडपाण्याची नळवाहिनी नदीत सोडायची होती, चौदा नंबरच्या वर दीड किलोमीटरवर. एप्रिलच्या वीस तारखेला सुनावणी. जागा का निवडली तेही नोटिशीत होतं. हा पट्टा निळा असल्याने येथील नदीत अतिरिक्त भार सोसण्याची क्षमता आहे.

काका मार्चच्या फेरीला गेले तेव्हा दाजींनी जाळं बाजूला ठेवलं होतं. ते त्यांना समोर घेऊन बसले.

"ही निळी शाई कुठे मिळते रे? बाटलीभर आणून नदीत ओत. तेवढीच कमी पडते."

"दाजी, माझा आकडा खरा आहे."

"तुझा खरा असेल. माझे मासे खोटे मेले." मग आवाज उतरवून म्हणाले, "अर्धी वस्ती वीटभट्टीवर गेली. पाइप आला की उरलेलीही जाईल, आम्हीसुद्धा. हे टोमणे मारत नाही मी. सांगतोय."

त्या दिवशी सव्वापाचची बस सुटली नाही. परतीला वळवतानाच तिचा आस मोडला होता. काकांना नोकरीत पहिल्यांदा चौदा नंबरला मुक्काम पडला, आणि तोही नाइलाजाने.

पहाटे पाचला दाजींनी हलवून उठवलं. "चल, डॉक्टर."

घाटावर अजून रंग फुटला नव्हता, पाणी शिशासारखं होतं. आधी काकांना वाटलं, बारीक पाऊस पडतोय. पाण्यावर सगळीकडे थेंब पडल्यासारखी वर्तुळं उमटत होती. पण वर आभाळ कोरडं होतं. दाजींनी बॅटरी मारली. ती तोंडं होती. शेकडो मासे पृष्ठभागाशी येऊन, ओठ पाण्याबाहेर काढून, उघडझाप करत होते. आवाजसुद्धा येत होता, कोणी ओठांनी चुटपुट करावं तसा. पायरीशी एक हातभर लांबीचा मासा आडवा झाला होता आणि त्याचे कल्ले उगाच हलत होते.

काकांनी पेटी उघडली. बाटली तिरकी धरली, हवा काढली, औषधं सोडली, बूच लावलं, उलटसुलट केली. दाजींनी उजेड धरला.

दूध. बाटलीत दूध ओतल्यासारखा पांढरा साका.

"औषध उतरलंय," काका म्हणाले. "उष्णतेने उतरतं कधीकधी."

काकांनी दुसरी बाटली भरली. पांढरी. तिसरी. मग ते घाईने वर ताईच्या घरात गेले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं, तांब्या दहा वेळा वरून खाली ओतून त्यात हवा खेळवली, ते पाणी चौथ्या बाटलीत भरलं आणि त्याच कुप्यांतली तीच औषधं तिच्यात सोडली.

तपकिरी. कोऱ्या चहासारखा तपकिरी साका.

औषध शाबूत होतं. काका उंबऱ्यावर बसले. ताई दारात उभी होती, तिने विचारलं, "काय रे, बरं नाही का?" काकांना तीन वर्षांपूर्वीच्या त्या दोन ओळी आठवल्या, आणि त्यांचं वळणदार अक्षर.

*

प्रयोगशाळेतल्या बाई काकांपेक्षा चार वर्षांनी लहान, पण त्यांना कोणीही वचकून असे. त्यांनी पहाटेच्या बाटलीत थेंब थेंब सोडून मोजलं आणि आकडा कागदावर लिहिला. शून्य पूर्णांक चार.

"कुठली, दहा नंबरची?"

"चौदाची. पहाटे पाच-वीसची."

बाईंनी चष्मा काढला. पुसता पुसता विचारलं, "पाणी हिरवं असतं का तिथलं?"

"हिरवंगार. शेवाळ्याचं. दिसायला छान दिसतं."

"हिरवं पाणी दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं. भरपूर, नको इतका. सूर्य गेला की तेच शेवाळं तो खात बसतं. पहाटेपर्यंत काही उरत नाही. दुपारी तीनला नऊ आणि पहाटे शून्य, दोन्ही खरं. नऊ आला तेव्हाच मला खटकायला हवं होतं. इतकी श्रीमंत नदी असते का कुठे? तुम्ही नेहमी किती वाजता भरता?"

"तीन-दहा. बस तीनला पोचते."

"तेवीस वर्षं?"

"बस बदलली नाही."

"आणि मी बाटली बघितली. नदी नाही बघितली." बाईंनी चष्मा लावला. "हे काही गुपित नाहीये हो. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे."

काकांनी ते पुस्तक पाहिलं नव्हतं. त्यांना बाटली कशी भरायची ते शिकवलं होतं, केव्हा भरायची ते नाही.

"वेळ तुमच्या नोंदवहीत असेलच," बाई म्हणाल्या. "प्रत्येक नमुन्यापुढे दुपारी तीन लिहिलेलं दाखवलंत तर ते सुनावणीत नाकारू शकणार नाहीत. सगळे आकडे दुपारचेच आहेत, पहाटेचा एकही नाही, हे कागदावर दिसायला हवं. या एका बाटलीला एकटीला कोण विचारतंय?"

काका नोंदवह्यांच्या कपाटाकडे जवळजवळ पळत गेले. चौदा नंबरच्या पाच वह्या. तारीख, हवामान, पाण्याचा रंग, वास, आणि शेवटचा रकाना: वेळ. काकांनी शेवटची वही उघडली. वेळेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत दोन बारीक रेघा, डिट्टो. वेळ कधी बदलत नसेल तर दर वेळी लिहायची कशाला, शाई फुकट. पान उलटलं, डिट्टो. मागचं पान, डिट्टो. वहीचं पहिलं पान, पहिली ओळ, जिच्या वर काहीच नव्हतं, तिथेही डिट्टो. नवी वही सुरू करताना त्यांनी जुन्या वहीची शेवटची ओळ समोर ठेवून जशीच्या तशी उतरवली होती. चौथी वही, तिसरी, दुसरी. 'दु. ३.१०' असं स्पष्ट एकदाच लिहिलं होतं, तेवीस वर्षांपूर्वी, पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर. आणि पहिली वही ऑफिस हललं तेव्हा गच्चीवर राहून पावसाळाभर भिजली होती. काकांनी ती उघडली तर पानं विटेसारखी एकत्र निघाली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. साहेब वाईट नव्हते. साहेबांना पेन्शनला दीड वर्ष उरलं होतं.

"वेळापत्रकात नसलेला नमुना नोंदवता येत नाही."

"मग वेळापत्रकात घाला, साहेब. एप्रिलमध्ये पहाटे पाठवा मला. स्वखर्चाने जातो."

"वेळ बदलली तर मागच्या आकड्यांशी तुलना कशी होणार? तेवीस वर्षांची मालिका तुटेल." त्यांनी काकांकडे बघितलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "तू आमचा सगळ्यात चोख माणूस आहेस रे. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस?"

"धोंडा पडलाय, साहेब. ताईच्या पायावर."

*

सुनावणीला हॉल भरलेला होता. पुढे टेबलामागे समितीचे तिघे, भिंतीवर तोच नकाशा दहापट मोठा. वस्तीची तीसेक माणसं मागच्या खुर्च्यांवर. दाजींनी ठेवणीतला सदरा घातला होता. ताई त्यांच्या शेजारी, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. काकांनी दोघांना सांगितलं होतं, "मी बोलणार आहे. बघा तुम्ही." ताईने वस्तीत चार घरी जाऊन ते सांगितलं होतं.

काका उठले. पहाटेची बाटली त्यांनी टेबलावर ठेवली आणि बाईंनी शिकवलं होतं तसं सगळं सांगितलं: शेवाळं, ऊन, दुपार, पहाट, बस. बस म्हणाल्यावर पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं.

मधले अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. "म्हणजे तेवीस वर्षांचे आपले आकडे चुकीचे?"

"नाही साहेब. खरे आहेत. दुपारचे आहेत."

"आणि हा शून्य पूर्णांक चार?"

"तोही खरा आहे."

"एकाच जागी, एकाच पाण्यात, आठ आणि शून्य. दोन्ही खरे." अध्यक्षांनी शेजाऱ्यांकडे बघितलं. "ठीक. आधीचे दुपारचे आहेत याची नोंद?"

काकांनी वही पुढे केली. अध्यक्षांनी बोट वरून खाली नेलं, पान उलटलं, पुन्हा वरून खाली. "हे डिट्टो कशाचं?"

"तीन-दहाचं."

"कुठे लिहिलंय?"

"पहिल्या वहीत होतं. ती भिजली."

या वेळी हसणारे जास्त होते. मागून ताई उभी राहिली. तिचा आवाज हॉलभर गेला. "तीनलाच येतो तो. बसचा हॉर्न वाजला की मी चहा ठेवते. तेवीस वर्षं ठेवतेय. वस्तीत कोणालाही विचारा."

"बसा, ताई," अध्यक्ष म्हणाले, आणि ते खरोखर मऊपणे म्हणाले. मग त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. "आणखी एक. तीन वर्षांपूर्वी याच वस्तीच्या तक्रारीवर कार्यालयाने अभिप्राय दिला होता. 'तक्रारीत तथ्य आढळत नाही.' ही सही आपली का?"

काकांनी कागद न बघताच मान हलवली.

"मोठ्याने सांगा, नोंद करायची आहे."

"माझी," काका म्हणाले.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काकांनी वळून बघितलं नाही.

मग समितीने आपसांत दहा मिनिटं चर्चा केली, आणि निर्णय आला तो काकांनी स्वप्नातही धरला नव्हता. चौदा नंबरच्या नोंदींमध्ये वेळ नसल्याने त्या ग्राह्य धरता येत नाहीत. तेवीस वर्षांच्या सगळ्या. पहाटेचा नमुना वेळापत्रकाबाहेरचा, तोही ग्राह्य नाही. म्हणून या पट्ट्याचा विचार समोरच्या काठावरच्या तेरा आणि पंधरा नंबरच्या नोंदींवरून करावा. त्या नोंदी परिपूर्ण आहेत, प्रत्येक नमुन्यापुढे तारीख आणि वेळ अक्षरात लिहिलेली आहे, आणि पाणी सातत्याने उत्तम.

दुसऱ्या रांगेत बसलेले नळराजे मान खाली घालून आपल्या चपलेकडे बघत होते. त्यांच्या नळाचं पाणी बारा महिने, चोवीस तास एकसारखं स्वच्छ येत असे. आणि वेळ ते न चुकता लिहीत, कधी सव्वानऊ, कधी पावणेअकरा, कधी सात-चाळीस. खोट्याला मेहनत लागते.

नळवाहिनी मंजूर झाली.

जिन्यावर ताईने काकांना गाठलं. दाजी पुढे निघून गेले होते.

"ते तू लिहिलं होतंस?"

"हो."

"कधी?"

"तीन वर्षं झाली. जूनमध्ये."

ताईने बोटांवर काहीतरी मोजलं. "त्या महिन्यातही आला होतास ना रे. जेवूनच गेलास." आणि ती डबा तसाच घेऊन खाली उतरली.

*

मे महिन्याच्या वेळापत्रकात बारानंतर सोळा होता. चौदा नंबर यादीतून काढला होता. काकांनी साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवला, बाईंनी कपाटातून दोन कुप्या औषध आणि बारा बाटल्या काढून मुकाट्याने त्यांच्या पेटीत भरल्या, आणि काका साडेअकराची बस धरून निघाले. वाटेत शेजारच्याने पेटीकडे बघितलं. काकांनी या खेपेला काही सांगितलं नाही.

पुलावर हॉर्न वाजला. काका ताईच्या दाराशी पोचले तेव्हा चुलीवर काही नव्हतं. होडी घराच्या भिंतीला पालथी टेकवून ठेवली होती. दाजी एका गाठोड्याला दोरी आवळत होते.

"वीटभट्टी," त्यांनी वर न बघता सांगितलं. "सोमवारपासून."

"आज राहतो मी, दाजी."

"राहा की. घाट सरकारी आहे."

ताईने रात्री ताट वाढलं, पण बोलली नाही. काका घाटाच्या पायरीवर घोंगडी टाकून पडले. पाच-वीसला त्यांनी पहिली बाटली भरली. साका पांढरा. नव्या वहीत, दुकानातून आणलेल्या साध्या वहीत, वेळ अक्षरात लिहिली. सहा-वीसला दुसरी. सात-वीसला तिसरी. दर तासाला एक. सगळ्या बाटल्या त्यांनी पायरीवर ओळीने मांडल्या. पहिली दुधाची, तिसरीला किंचित पिवळट झाक, पाचवी फिकट बदामी, सातवी तपकिरी. ऊन चढत गेलं तसं पाणी हिरवं होत गेलं आणि बाटल्या गडद. आठवी, नववी, दहावी. वरच्या अंगाला कुठेतरी खोदयंत्र घरघरत होतं. दुपारी तीन-दहाला काकांनी अकरावी बाटली भरली, आणि ती कोऱ्या चहासारखी होती.

दाजी येऊन ओळीपाशी उभे राहिले. बराच वेळ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. त्यांना शाळा फारशी नव्हती, पण हे समजायला शाळा लागत नव्हती.

"हे त्या दिवशी का नाही नेलंस?"

काका बारावी बाटली हातात धरून बसले होते, रिकामी. "मार्चला गाडी मोडली आणि राहिलो," ते म्हणाले. "एप्रिलची फेरी सुनावणीच्या आधी होती. दुपारचीच केली. साहेबांनी वेळ बदलू नको म्हणून सांगितलं होतं."

"आणि तू ऐकलंस."

"ऐकलं."

"आता कोणाला दाखवणार?"

"कोणाला नाही. जागाच बंद झाली."

दाजींनी मान हलवली आणि गाठोड्याकडे परत गेले. मग ताई आली. तिने पदराने हात पुसले आणि वाकून शेवटची, गडद बाटली उचलली, उन्हाकडे धरली, अगदी काका धरत तशी.

"ही तुझी," ती म्हणाली, आणि बाटली परत जागेवर ठेवली. मग ओळीच्या दुसऱ्या टोकाच्या पांढऱ्या बाटलीकडे नुसतं बोट केलं. "ती आमची."

पाच वाजून गेले होते आणि वर रस्त्यावर बसचं इंजिन सुरू झालं.

"जा," ताई म्हणाली. "बस चुकेल तुझी."